सारवलेलं आभाळ

बस सुटायला दहा मिनिटं होती आणि आई माझ्या पिशवीत बळेच रंगांची पेटी कोंबत होती. "लग्न झालं म्हणून हात थांबवू नकोस," एवढंच म्हणाली. युक्रेनमधलं आमचं छोटं गाव, जवळच्या शहरात डॉक्टरकी शिकायला आलेला नांदेडजवळच्या लोहा गावचा एक मुलगा आणि त्याच्यामागे निघालेली मी. आईला मराठी वाचता येत नाही, तरी हे तिच्यासाठीच लिहिते आहे. आणि माझ्यासारख्या परक्या मातीत गेलेल्यांसाठी.

नांदेडला आले आणि ओक्सानाची उषा झाले, कारण सासूबाईंच्या जिभेला ते नाव पेलेना. घरात त्यांना सगळ्या सुना आत्याबाई म्हणतात, मीही म्हणू लागले. तैलरंगांनी इथे चांगली साथ दिली. तिकडे आठवडाभर ओले राहणारे रंग इथे लवकर वाळायचे. विष्णुपुरीचं धरण रंगवलं, लोह्याची रानं रंगवली, दोन प्रदर्शनं केली. जलरंगांचं मात्र माझ्याशी सात जन्मांचं वैर. एप्रिलमध्ये कागदाच्या एका टोकाला आभाळ लावायला घ्यावं, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं वाळून पट्टे उमटलेले.

मग तिकडे युद्ध सुरू झालं. आईला हात जोडून सांगितलं, इकडे ये. ती म्हणाली, "मी निघाले तर शेत कोण बघेल?" मला तिचा संतापही आला आणि रडूही. घरामागचं ते काळंभोर शेत, वर ओलसर आभाळ. उद्या ते तसं राहील की नाही, कुणास ठाऊक. ते आहे तोवर आईला काढून दाखवायचंच, असं मी ठरवलं. तेही जलरंगातच, कारण ते आभाळ तैलरंगात जड होतं. गठ्ठाभर कागद फाडले. नवरा म्हणाला, पावसाळ्यात काढ. तोवर थांबायची माझी तयारी नव्हती.

लोह्याच्या घरी आत्याबाई एकदा माझी धडपड बघत उभ्या राहिल्या.

"उषे, हे तर सारवणंच हाय की. उभं राहून कुणी सारवतंय का? खाली बस, मागं मागं सरक. आन् वाळलं तिथं परत हात नेऊ नको, वळ उठतोय."

त्यांनी ओली चादर पसरून त्यावर कागद टाकायला लावला, पदर खोचला आणि रिकाम्या हाताने हवेतच अर्धगोल काढून दाखवले. मी सगळ्यात रुंद ब्रश घेऊन उकिडवी बसले आणि मागे सरकत गेले. आभाळ एका दमात बसलं. कला महाविद्यालयात इतकी वर्षं घासली, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

फोटो पाठवताच आईचा फोन आला. माती अगदी बरोबर आहे म्हणाली, कुंपणसुद्धा. मग म्हणाली, "पण आभाळ आपलं नाही गं. आपलं इतकं तापत नाही."

मी चिडले. फोन ठेवून चित्रापाशी गेले, तर खरंच, निळ्यात एप्रिलचा पांढुरका फुफाटा मिसळला होता. आईच्या शेतावर लोह्याचं आभाळ.

आत्याबाई म्हणाल्या, दुसरा कागद घे. मी घेतला नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी अडखळायचे. आता हे चित्र दाखवेन. खाली मराठीत सही केली आणि आईला परत फोन लावला.

"आई, आभाळ आता असंच राहणार. माती तेवढी तू सांभाळ."