काकूंची सवत

काकूंना एक सवत होती आणि ती कागदाची होती. कागदाची असली म्हणून काय झालं, सवत ती सवतच!

काका एका छोट्या खासगी संग्रहालयात पहारेकरी होते. कुणा हौशी श्रीमंताने राहत्या घरातच ते थाटलेलं. खाली युरोपातली तैलचित्रं, वर जपानी चित्रं. काकांची खुर्ची वर, त्यातल्याच एका बाईच्या चित्रासमोर. संध्याकाळी घरी आले की चहा पिता पिता सांगायचे, आज ती खुशीत होती, नाहीतर आज ती जरा रुसली होती. उजेडाने रंग उडतात म्हणून जपानी चित्रं अधूनमधून कपाटात विश्रांतीला जायची. ही सवत कपाटात गेली की काकांचं जेवणात लक्ष नसायचं. काकूंच्या हाताला मात्र त्याच दिवसांत चव यायची.

ती बघायला काकू कधी गेल्या नाहीत. माझं खेटर जातंय, म्हणायच्या. खरं तर त्यांना भीती वाटायची. उभा जन्म आपण ज्याच्याशी संसार केला त्याचं मन भलतीकडेच होतं, हे आपल्याच डोळ्यांनी कशाला बघायचं?

काका निवृत्त झाले त्या दिवशी संग्रहालयाच्या मालकीणबाईंनी दोघांना बोलावलं, तेव्हा नाही म्हणता येईना. ठेवणीतले कपडे घालून काकू गेल्या. खाली भिंतीवर एक गोरीपान, मोत्यांनी मढलेली बाई दिसली आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. पण काका तिच्याकडे ढुंकूनही न बघता जिना चढले.

ती नेमकी कपाटात होती. मालकीणबाईंनी नियम बाजूला ठेवून खण उघडला. वीतभर कागद. बाह्या वर बांधून एक बाई चुलीपाशी काहीतरी ढवळत होती, पाठमोरी. मानेवर एक बट सुटलेली.

काकू भडकल्याच. "अहो, हिला तर तोंडच नाही. मग रुसलेली कुठून दिसायची तुम्हाला?"

काका घुटमळले. "सकाळी मी 'येतो' म्हणायचो तेव्हा तू अशीच असायचीस ना, कामात. रुसलीयस की खुशीत आहेस, ते मी पाठीवरूनच ओळखायचो. मग दिवसभर हिच्याकडे बघत बसायचो."

जिना उतरताना गुडघ्यांचं निमित्त करून काकूंनी काकांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सवयीने तयार होऊन दारात उभे राहिले. जायचं कुठे नव्हतंच, तरी तोंडातून 'येतो' निघून गेलं.

काकूंनी गॅस बंद केला आणि वळून त्यांच्याकडे बघितलं.