आधी कोपरे पाह्य!

लेन्सवर चढवायचा काचेचा फिल्टर दोन बोटांत कडेने धरायचा, हाः करून त्यावर वाफ सोडायची, धुतलेल्या मऊ धोतराच्या तुकड्याने पुसायचा आणि दुकानाच्या दाराशी जाऊन उजेडात फिरवायचा. पसंत पडला तर डबीत. नाही पडला तर थेट रस्त्यावर, येणाऱ्या एसटीच्या चाकाखाली. कामरगावच्या आमच्या भाऊंची फिल्टर निवडायची पद्धत ही अशी होती. तो गिऱ्हाइकाचा आहे की स्वतःचा, हा विचार मध्ये यायचा नाही.

"काच होय का बे हे? बाटलीचं बूड हाय!"

तुमच्याही गावात असा एखादा तऱ्हेवाईक फोटोवाला असेल, पण त्याने तुम्हाला मारलं नसेल. भाऊ मारायचे. मी चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, लग्नांत त्यांच्या जोडीने व्हिडिओ काढणारा, मलासुद्धा. काचेला बोट लागलं की मनगटावर फटका, फिल्टरचा आटा वाकडा चढवला की गालावर चापट. मारताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

वाइड लेन्सवर त्यांचा भारी जीव. आमच्याकडे लग्नात अख्ख्या खानदानाचा एक फोटो लागतोच, आणि शंभर-दीडशे माणसं एका चौकटीत बसवायची तर वाइडच हवी. पण ही लेन्स इतकी पसरून पाहते, की फिल्टरची कडी जाड असली किंवा एकावर एक दोन चढवले, की त्या कड्याच फोटोत येतात आणि चारही कोपरे काळे होतात. "मधातलं त कोनालेही दिसते," भाऊ म्हणायचे, "आधी कोपरे पाह्य."

मेडशीचा एक नवा फोटोग्राफर आभाळ निळं दिसावं म्हणून पोलराइझर नावाचा फिल्टर घेऊन आला होता. वाइडवर तो लावला की आभाळाचा एक पट्टा काळानिळा पडतो आणि बाकीचं फिकट राहतं. भाऊंनी तो उंबऱ्यावर ठेवून हातोडीने फोडला. गडी रडकुंडीला आला, तेव्हा स्वतःच्या डबीतला पातळ कडीचा फिल्टर काढून त्याच्या लेन्सवर हलक्या हाताने चढवून दिला. वर एक चापटही दिली, ती मात्र हलकी नव्हती.

गावाजवळच्या एका बागाईतदाराच्या घरचं लग्न होतं. आमच्याकडे अक्षता टाकत नाहीत, नेम धरून मारतात. लेन्सला लागू नये म्हणून मी शहाणपणा करून भाऊंच्या फिल्टरवर माझा एक चढवून ठेवला. सकाळची हळद आट्यात गेलेली, दोन्ही एकमेकांत घट्ट बसले. भाऊंनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि भर मांडवात माझ्या गालावर अशी वाजवली, की बँडवाले वळून पाहू लागले. मग सायकलच्या ट्यूबचा पट्टा कडीभोवती आवळून दोन्ही फिल्टर एका झटक्यात उतरवले आणि पातळ कडीचा एकच लावला. या माणसाबरोबर हे शेवटचं लग्न, असं मी मनाशी पक्कं केलं.

खानदानाच्या फोटोला नवरदेवाशेजारी कोणी उभं राहायचं, यावरून पेटलं. कॉलर धरली, खुर्च्या उडाल्या, मांडवाचे बांबू उपसले गेले. मी मधोमध अडकलो आणि व्हिडिओचा कॅमेरा वाचवायला स्टँडसकट डोक्यावर उचलून धरला. भाऊ स्टुलावरून बटण दाबतच राहिले. गर्दी फाकली तेव्हा नवरदेवाचे मामा फुटलेल्या डोक्याने सतरंजीवर पडले होते, आणि रक्ताला अक्षता चिकटल्या होत्या.

"व्हिडिओवाल्यानं स्टँड हानला!" कोणीतरी ओरडलं. दोन्हीकडचे सोयरे, परका मी एकटा. लाथाबुक्क्यांनी तुडवून त्यांनी मला पोलिसांच्या हवाली केलं. मामा अकोल्याला दवाखान्यात बेशुद्ध होते. ते गेले असते तर माझ्यावर खुनाचा गुन्हा होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ ठाण्यात मोठा फोटो घेऊन आले. मधोमध मी, स्टँड उगारलेला. कोणीही मलाच गुन्हेगार म्हटलं असतं.

"सायेब, आधी कोपरे पाहा."

डाव्या कोपऱ्यात, माझ्यापासून चांगले दहा हात लांब, नवरदेवाकडच्या एका जावयाचा बांबू मामांच्या डोक्यावर टेकलेला होता. चेहरासुद्धा स्वच्छ. माझा जादा फिल्टर लेन्सवर राहिला असता, तर हा कोपरा काळाच आला असता. साहेबांनी फोटोचं मूळ मेमरी कार्ड मागितलं. ते कॅमेऱ्यातच, दुकानात होतं. भाऊ आणायला गेले.

दुकानात तो जावई तिघांना घेऊन आला. पुढचं मला शेजारच्या चहावाल्याने सांगितलं. भाऊंनी कॅमेरा पोटाशी घेतला आणि त्यावर वाकून बसले. पाठीवर, दंडांवर, बोटांवर बांबू पडत राहिले. लोक धावून येईपर्यंत पडत राहिले.

"साऱ्या गावाले मारनारा मानूस," चहावाला म्हणाला, "पन त्यानं हात नाही उचलला गा. दोनी हात कॅमेऱ्यावर होते."

एक फटका लेन्सवरही बसला होता. फिल्टरचा चुरा झाला, लेन्स वाचली. कार्ड ठाण्यात पोचलं, मी सुटलो. मामाही जगले. भाऊंच्या उजव्या हाताची बोटं मात्र वाकडी जुळली, पकड कायमची गेली.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. लेन्स पुढे सरकवली. "उतरव थो. नवा लाव."

वाकलेली कडी मी ट्यूबचा पट्टा आवळून काढली. नवा फिल्टर लावताना आटा वाकडा चढला. मी मान वर न करता तसाच बसून राहिलो. भाऊंचा हात उठला. गालापर्यंत आला, पण बोटं सरळच होईनात. हात गालावर तसाच टेकून राहिला.

"मारा ना भाऊ," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं.

"काहून रडून राह्यला बे? काढ, परत लाव."

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. लेन्स माझ्याकडे आहे. अजूनही फिल्टर चढवताना आटा जरासा वाकडा लागला, की माझा डावा गाल आपोआप आखडतो. मी क्षणभर वाट पाहतो. मग फिल्टर काढून पुन्हा लावतो.