निळं फोल्डर आणि लेबर रूमचं दार

घरी होणाऱ्या बाळंतपणांवर माहितीपट करायचं ठरलं, तेव्हा ते ठरवायला आम्ही पाच जण बसलो होतो. पाचांपैकी तिघांनी कुणाचंही बाळंतपण कधी पाहिलेलं नव्हतं. चौथीचं सिझर झालं होतं, त्यातलं तिला काही आठवत नव्हतं. पाचवी मी. माझी दोन्ही बाळंतपणं दवाखान्यात झाली आणि त्यांतला मला मुख्यतः छताचा पंखा आठवतो. एवढ्या शिदोरीवर आम्ही पनवेलजवळ करंजाड्याच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या फळ्यासमोर बसून बायकांच्या निवडीच्या हक्काची आखणी करत होतो.

मला घेतलं होतं ते मराठी येतं म्हणून. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी अशी कामं करते: प्रस्ताव, मुलाखतीचे प्रश्न, पडद्याखालच्या ओळी. दिग्दर्शिका मुंबईची, पस्तिशीची, हुशार आणि मनापासून तळमळणारी. तळमळीबद्दल माझी तक्रार नाही, पण ती फळ्यावर चढली की मला धास्ती वाटते. फळ्यावर ‘गर्भ’, ‘भूमी’ आणि ‘स्मृती’ अशी तीन वर्तुळं होती, बाणांनी जोडलेली. फिल्मच्या इंग्रजी नावात ‘सेक्रेड’ हा शब्द होता. ते नाव सोनेरी अक्षरांत छापलेली निळी फोल्डरं तयार होऊन आली होती. पैसे देणाऱ्यांची मंजुरी यायची होती, सुईण सापडायची होती, बाळंत होणारी बाई सापडायची होती. फोल्डर मात्र होतं, चांगलं जाड, आत खिसे असलेलं.

प्रस्ताव मी लिहिला, हे आधीच कबूल करते. त्यात ‘निवड’ हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला की शेवटी विषय बाईचा आहे की मेथीच्या जुडीचा, तेच कळेना.

सुईण मीच सुचवली. माझ्या मुलीच्या बाळंतपणानंतर विचुंब्याची एक आगरी मावशी दीड महिना रोज सकाळी यायची, तिला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला. साठी ओलांडलेली, हात फावड्यासारखे, आणि बाळ त्या हातांत आलं की रडायचं विसरायचं. गावातली निम्मी माणसं आपल्याच हातावर आली आहेत, असं ती सांगायची आणि गावातली निम्मी माणसं ते कबूल करायची.

आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा दिग्दर्शिकेचा चेहरा गेटपाशीच पडला. घर तीन मजली होतं, दर्शनी भिंतीला ग्रॅनाइट, गेटवर सिमेंटचे दोन सिंह. जमिनी गेल्या, मोबदला आला आणि घरं वर चढली, हे पनवेलमध्ये कुणाला सांगावं लागत नाही, पण फळ्यावर ते नव्हतं.

“ताई, जुनं घर नाही का कुठे? मातीचं?” ती माझ्या कानात म्हणाली.

“मातीचं घर इथे तुझ्यासाठी कोण राखून ठेवणार?” मी म्हटलं.

मावशीनं सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. दिग्दर्शिकेनं वही काढली. “मावशी, वर्षाला साधारण किती बाळंतपणं करता?”

“एक पन नाय.”

पेन थांबलं.

“रस्ता झाला, गारी दारात आली. मंग घरी कोन करील? आमची शेवटची घरची बालंतीन, तिचा पोर आता मिशी कापतो.” मावशी हसली. “मना बोलवतात ते मागाहून. न्हाऊ घालाया, शेक द्याया. आनि पाचवीला.”

पाचवीचं मला माहीत होतं, मी समजावून सांगितलं. बाळाच्या पाचव्या दिवशी पूजा असते आणि तिला सुईण लागतेच. पाटावर बसायचा मान तिचा, पहिली साडी तिची. बाळ दवाखान्यात झालेलं असलं, आईच्या पोटाला टाके असले, सगळं काम डॉक्टरांनी केलेलं असलं तरी पाटावर मावशीच. डॉक्टरांना पाचवीला बोलवावं असं आजवर एकाही घराच्या डोक्यात आलेलं नाही.

“वॉव,” दिग्दर्शिका म्हणाली आणि लिहून घेतलं.

तेवढ्यात मावशीची धाकटी मुलगी चहा घेऊन आली. तिशीची, खासगी शाळेत शिकवणारी. नवरा तळोज्याला कारखान्यात पाळीवर. सातवा महिना लागल्यावर माहेरी आलेली. दिग्दर्शिकेनं ट्रेकडे पाहिलं नाही, पोटाकडे पाहिलं. चहा निवायच्या आत तिनं आखून टाकलं: हेच बाळंतपण, याच घरात, आईच्याच हातून. वरची टाइल्सची खोली सारवून घेता येईल का, एवढाच प्रश्न कॅमेरामनला पडला. ज्या बाईचं पोट होतं ती कपबशा ठेवत उभी होती आणि आम्ही पाच जण, पाचही चांगली शिकलेली, तिच्याविषयी बोलत होतो. तिच्याशी कुणीच बोलत नव्हतं, आणि मी त्या पाचांत होते.

मावशीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “हिला पयल्या वेलचे टाके हायत. टाकेवालीला मी घरी हात लावनार नाय. माझी पोर हाय ती.”

“पण मावशी, बाईच्या शरीराला सगळं कळत असतं,” दिग्दर्शिका हळुवारपणे म्हणाली. “आपण त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा.”

“कलतं ना. मंग बाय, तू चष्मा कशाला लावलास?”

कॅमेरामनला ठसका लागला. दिग्दर्शिका हसली, पण वहीत ते गेलं नाही.

आम्हाला सोडायला मुलगी गेटपर्यंत आली. बाकीचे गाडीकडे गेल्यावर तिनं माझा दंड धरला. “मॅडम, मी एक सांगू? कुणी विचारलं नाही म्हणून सांगते.”

पहिल्या वेळी ती लेबर रूममध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटी होती. कळ आली की ओरडायची. नर्स म्हणायची, “नवऱ्यापाशी होतीस तेव्हा नाही ओरडलीस ती? आता कशाला नाटकं?” ओरडू नये म्हणून तिनं ओढणी तोंडात धरली. तपासायला येणारे हात येत होते, जात होते. कुठला हात कुणाचा तेसुद्धा सांगत नव्हते. शेवटी सिझर करायचं ठरलं तेही तिला स्ट्रेचरवर कळलं. आणि त्या दाराबाहेर, लिफ्टजवळच्या स्टीलच्या खुर्चीवर, निम्मं गाव जिच्या हातावर आलं ती बाई बसून होती. दोनदा उठून दारापाशी गेली. दोन्ही वेळा तिला सांगण्यात आलं, “मावशी, बाहेर थांबा. तुम्हाला काय कळतं?”

“मला घर नको, सेट नको,” मुलगी म्हणाली. “दवाखानाच हवा, टाके आहेत माझे. फक्त या वेळी आई आत पाहिजे. बस, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी मी हे फ्लॅटवर सांगितलं. माझ्या मते फिल्म सापडली होती. दिग्दर्शिकेनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “स्ट्राँग आहे ताई, पण व्हिज्युअली काय आहे? ट्यूबलाइट आणि पडदे. आणि ती शेवटी हॉस्पिटलच मागतेय. मग आपली चॉइसची थीम कुठे जाते?”

“तिनं मागितलं तीच तिची चॉइस ना?”

“हो, पण ती कंडिशन्ड चॉइस आहे.”

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले आहे, जड शब्दांना घाबरत नाही. पण त्या वेळी मला फळा उचलून खिडकीबाहेर टाकावासा वाटला. नर्स म्हणत होती, तुला काय कळतं. ही म्हणत होती, तुला कळतं असं तुला वाटतंय फक्त. एकीच्या अंगावर पांढरा गणवेश, दुसरीच्या खादीचा कुर्ता, आणि दोघींच्या मध्ये तीच बाई तोंडात ओढणी धरून. चर्चा तळोज्यापलीकडच्या एखाद्या पाड्यावर झोपडी आणि ‘ऑथेंटिक’ गरोदर बाई शोधण्याकडे वळली, तेव्हा मी पिशवी उचलली आणि निघाले. पिशवीत निळं फोल्डर राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात मावशी, तिची मुलगी आणि मी, अशा तिघी त्याच दवाखान्यात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. नाव बदललं तरी रिसेप्शन तेच असतं. भिंतीवर बाळाच्या पावलांचं मोठं पोस्टर होतं, खाली ‘मातृत्वाचा सन्मान’. डॉक्टरीणबाई सभ्य होत्या. कळा आपसूक आल्या आणि सगळं ठीक असलं तर नॉर्मलचा प्रयत्न करू, नाहीतर सिझर, असं त्यांनी नीट सांगितलं. मग मुलीनं आईचं विचारलं.

“नातेवाईक आत अलाउड नाहीत. इन्फेक्शन असतं, गर्दी होते. पॉलिसी आहे.”

“एकटीच येईल. गाऊन घालेल,” मुलगी म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात.”

“मागच्या वेळी मी फार घाबरले होते.”

“घाबरायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला. झालं. सात महिन्यांच्या पोटानं विचारलं होतं आणि त्याला मिळालेलं हे उत्तर.

मी मुलीची जुनी फाईल शोधायला पिशवीत हात घातला. आधी निळं फोल्डर बाहेर आलं, ते टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंची नजर सोनेरी अक्षरांवर थांबली.

“हे काय आहे?”

“बाळंतपणावर डॉक्युमेंटरी करतायत,” मी म्हटलं. हे खरं होतं. “मी त्यांचं लिखाण करते.” हे आठवड्यापूर्वीपर्यंत खरं होतं.

“आमच्याकडे शूटिंग?”

“अजून काही ठरलेलं नाही,” मी म्हटलं. हे तर अगदीच खरं.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. चष्मा काढला. बर्थ कम्पॅनियन, म्हणजे बाळंतिणीसोबत आत घरचं माणूस, ही फार चांगली संकल्पना आहे, म्हणाल्या. आम्ही केस बाय केस विचार करतोच. आई स्वतः अनुभवी आहेत, मग तर उत्तमच. इन्फेक्शन, गर्दी आणि पॉलिसी तिन्ही एकदम कुठे गेली कोण जाणे. फॉर्मवर सही झाली, वर शिक्का बसला. बाहेर आल्यावर मावशी खूश होती, मुलगी रडत होती, आणि मी इतकी चिडले होते की लिफ्ट समोर उघडी असताना जिना उतरले. बाई विचारते तेव्हा दार बंद आणि पुठ्ठा दिसला की उघडं, तर मग नियम कशाचा होता?

कळा नवव्या महिन्यात, एका सकाळी, आपसूक आल्या. मावशी हिरवा गाऊन घालून, टोपीत अंबाडा कोंबून आत गेली. लिफ्टजवळच्या स्टीलच्या खुर्चीवर आता मी होते. शेजारी तळोज्याहून आलेली एक सासूबाई होती, तिची सून आत शेजारच्याच खाटेवर होती. एकटी.

“तुमची बाई आत कशी सोडली?” तिनं विचारलं. “आमी किती इनवण्या केल्या.”

मी पिशवी जवळ ओढून घेतली. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

दुपारी दिग्दर्शिकेचा फोन आला. फिल्मचं नाव बदललं होतं, जुनी फोल्डरं परत हवी होती, चुकीचं नाव फिरायला नको म्हणून. मी म्हटलं, माझं हरवलं.

तीन वाजता मुलीला ऑपरेशनसाठी नेताना मी पाहिलं. बाळाचे ठोके मंदावत होते. मला पाहून तिनं हात वर केला. “या वेळी मला विचारलं, मॅडम. आईनं मान डोलावली, मग मी हो म्हटलं.”

मला वाटलं, तिच्यामागे मावशी बाहेर येईल. ती आली नाही. सिझरनं मुलगी झाली, रडली, सगळं ठीक असल्याचा निरोप आला, तरी मावशीचा पत्ता नाही. ती आली साडेपाचला, टोपी हातात, मनगटावर नखांचे लाल वळ.

“अगं, होतीस कुठे? तुला नात झाली!”

“ठाव हाय. आतच समजला.” ती माझ्याशेजारी धपकन बसली. “आमची पोर नेली तवा नर्स बोलली, मावशी, तुमचा पेशंट गेला, चला बाहेर. पन बाजूच्या खाटेवरच्या पोरीनं माझा हात धरलेला. मी बोलली, मी नाय धरला, तिनी धरलाय. तू सोडव. नर्सनं बघितला, नाय सोडवला.” मग पलीकडच्या सासूकडे वळून म्हणाली, “मुलगा झाला गो तुला. नॉर्मल. सून चांगली हाय.”

सासूबाईनं तिथंच वाकून मावशीचे पाय धरले आणि पाचवीला यायचं कबूल करून घेतलं. आमच्यात सुईण बसवत नाहीत, म्हणाली, पण तुम्ही बसायचं.

जाताना सासूबाईनं मला बाजूला घेतलं. तिच्या धाकट्या सुनेला पाचवा महिना चालला होता, दवाखाना हाच. “ताई, तुमची कुठं वळख हाय का?”

या वेळी मी पिशवी उघडली.

फिल्मला मंजुरी मिळाली, पाडाही सापडला असं ऐकते. माझ्या प्रस्तावातली वाक्यं त्यात असतील. फोल्डर मात्र माझ्याकडे नाही. तळोज्याहून ते करंजाड्याला गेलं, तिथून विचुंब्यात मावशीच्या भाचेसुनेकडे. गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला, हिंदीत, तिला मी ओळखतसुद्धा नाही. सोनेरी अक्षरं पुसट झाली आहेत, म्हणाली, अजून चालेल का? मी तिला म्हटलं, टेबलावर उजेडाच्या बाजूला ठेव, आणि मागितल्याशिवाय उघडून दाखवू नकोस. आत काही नाही.