कालव्याकाठी, चंद्र उगवायच्या आधी

देव आपलं ऐकतो का, ही शंका मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आली. कुणाजवळ बोलायची हिंमत नव्हती, म्हणून आता निवांतपणे लिहून ठेवते. आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत, एडिसनजवळ राहायला गेलो होतो. सुनेला दिवस गेले होते आणि ते अवघड होते. डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी स्वयंपाक करायची, तिच्या केसांना तेल लावायची आणि मधल्या वेळात माळ ओढायची. बोटं मणी सरकवत राहायची, पण मन कोरडंच. पूर्वी जप करताना आत कुणी तरी ऐकतंय असं वाटायचं. तिथं तसं वाटेनासं झालं होतं.

यांना तशी शंका नव्हती. बाळ सुखरूप होईपर्यंत दर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असा यांनी गणपतीला नवस बोलला. यांना साखरेचा आजार, सकाळ-दुपार गोळी चालू. मी म्हटलं, निदान दूध तरी घेत जा. तर म्हणाले, नवसाला सवलत नसते. आणि तिकडचा उन्हाळ्याचा दिवस असा, की रात्री साडेआठपर्यंत उजेड हटत नाही आणि संकष्टीचा चंद्र दहाच्याही पुढं उगवतो. सून पडल्या पडल्या म्हणायची, "बाबा, इथला चंद्रसुद्धा उशिराच कामावर येतो." यावर हे नुसते हसायचे.

सायकलचंही सांगायला हवं. हे गावाकडे पोस्टमन होते, सगळी नोकरी सायकलवर झाली. मी मात्र कधी सायकलला हात लावला नव्हता. मुलाच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर एक जुना कालवा आहे. त्याच्या काठानं बारीक खडीची वाट जाते. एका अंगाला कालव्याचं पाणी, दुसऱ्या अंगाला झाडीपलीकडे नदी, मध्ये मध्ये मक्याची शेतं. त्या वाटेवर मोटारींना बंदी आहे. कासवं ओंडक्यावर ऊन खात बसलेली असतात, आपण जवळून गेलो तरी हलत नाहीत. मुलानं कुणाच्या तरी गॅरेजमधून दोन जुन्या सायकली आणल्या, आणि यांनी मला तिथं सायकल शिकवली. पंजाबी ड्रेसच्या खाली मुलाची जुनी पँट घालून मी शिकले. चार माणसं बघत असती तर मी सायकलवर बसलेच नसते. तिथं बघायला कुणी नव्हतं, म्हणून जमलं. हे एकच सांगायचे, "पुढं बघ गं. चाकाकडं कशाला बघतेस?" तरी मी यांच्या मागच्या चाकावर नजर ठेवूनच चालवायची. एकटी कधी पुढं गेले नव्हते.

श्रावणाआधीची संकष्टी रविवारी आली. दुपारपासून यांचा चेहरा उतरला होता, पण कबूल करायला तयार नव्हते. संध्याकाळी म्हणाले, घरात बसून चंद्राची वाट बघण्यापेक्षा जरा सायकल फिरवून येऊ, वेळ जाईल. मुलानं आम्हाला एका लाकडी पुलापाशी सोडलं. तो ओक ट्री रोडच्या देशी दुकानांतून सामान घेऊन पुढच्या पुलाशी येणार होता. माझ्या सायकलला पुढं टोपली होती. यांची साखर उतरली तर म्हणून तिच्यात नेहमी साखरेच्या पुड्या असायच्या, कॉफीच्या दुकानातून मुलगा आणायचा तसल्या. त्या दिवशी निघताना यांनी त्या काढून घरी ठेवल्या. उपवासाच्या दिवशी मोह जवळ कशाला, म्हणाले. टोपलीत उरली माझी गोमुखी आणि तिच्यातली माळ.

अर्धी वाट झाल्यावर यांची सायकल डुलायला लागली. मला वाटलं, खडी लागली असेल. मग हे उतरले, सायकल आडवी टाकली आणि झाडाला टेकून बसले. सदरा घामानं भिजला होता, हात थरथरत होते. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, "टपाल अजून आलं नाही." साखर उतरली की असंच होतं, पूर्वी एकदा घरी पाहिलं होतं. तेव्हा घरात गूळ होता. इथं कालव्याचं पाणी आणि गवत सोडून काही नव्हतं. यांच्या खिशातला घडीचा मोबाइल काढून बघितला, पण तिथं त्याला रेंज नव्हती. दोन्हीकडे वाट मोकळी. बघायला कुणी नाही म्हणून जी जागा मला आवडायची, तिथं आता हाक मारायलाही कुणी नव्हतं.

यांना सोडून जाणं जिवावर आलं, पण बसून राहणं त्याहून वाईट होतं. ओढणी घडी करून यांच्या डोक्यामागं ठेवली आणि मी सायकलवर बसले. समोर बघायला चाक नव्हतं, म्हणून वाटेकडेच बघत गेले. त्या वेळी जप केला असं मी म्हणणार नाही. नुसतं "बाप्पा, बाप्पा" होत होतं, तेसुद्धा पॅडलबरोबर. वळणापलीकडे एक शेतरस्ता वाट ओलांडून जातो. तिथं लाकडी फळी मांडून शेतकरी भाजी ठेवतात. विकायला कुणी बसत नाही, लोक आपापली घेऊन पैसे डब्यात टाकतात. फळीवर टोमॅटो होते, भोपळे होते, आणि कडेला एक बाटली होती. नाव मला वाचता आलं नाही. झाकण उघडून वास घेतला, बोट लावलं. मध होता, साखर धरून तुपासारखा घट्ट झालेला.

मी हाका मारल्या. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नसेन. घर शेताच्या पार टोकाला होतं, तिथं फक्त कुत्रं भुंकलं. जवळ पैसा नव्हता आणि न विचारता उचलायला हात धजेना. मग बाटली उचलली आणि तिच्या जागी गोमुखी ठेवली, माळेसकट. लग्नात आईनं दिलेली ती माळ, तिच्याशिवाय माझा एक दिवस गेला नव्हता. पण त्या घडीला दुसरं काही सुचलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

परत आले तेव्हा हे एका अंगावर कलले होते. डोळे अर्धवट उघडे. बोटावर मध घेऊन ओठांना लावला, तर यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. पुन्हा लावला, पुन्हा मान फिरवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "चंद्र उगवला का गं?"

यांच्या डोळ्यांवर अजून ऊन पडलेलं होतं. यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते, देवाच्या बाबतीत तर नाहीच.

"उगवला," मी म्हटलं. "तोंड उघडा."

यांनी तोंड उघडलं. मी थोडा थोडा मध हिरड्यांना लावत राहिले. तो घट्ट होता म्हणून ओघळला नाही, तोंडातच विरघळत गेला. बऱ्याच वेळानं यांच्या हातांची थरथर थांबली. मग डोळे पूर्ण उघडून यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही उशीर केला म्हणून मुलगा शोधत पायीच आला, तेव्हा हे उठून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मुलगा मला त्या शेतावर घेऊन गेला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक म्हातारी बाई बाहेर आली. मुलानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मध मी तिथं कधी ठेवत नाही. त्या बाटलीतला मध गोठून गेला होता, बाजारात ती कुणी घेत नव्हतं. म्हटलं ठेवावी बाहेर, कुणाला लागली तर लागली. पैसे तिनं घेतले नाहीत. गोमुखी तिनं स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवली होती, उघडलीसुद्धा नव्हती. मुलानं तिचं बोलणं मला मराठीत सांगितलं, "आत काय आहे ते मला माहीत नाही. पण ठेवणाऱ्याचा जीव आहे त्यात, एवढं कळलं."

मध पातळ असता तर ती बाटली बाजारात गेली असती. त्या सायकली मुलाला मिळाल्या नसत्या, तर मी वळणापर्यंत पोचले नसते. याला काय म्हणायचं, ते मी ठरवत नाही. घरी येऊन मी गणपतीपुढं बसले आणि खोटं बोलल्याची क्षमा मागितली. माळ हातात घेतली. आत कुणी ऐकतंय का, हे तपासायचं मनातच आलं नाही.

नातू सुखरूप झाला, नवस फिटला. तरी हे अजून संकष्टी धरतात. फक्त आता दुपारी गोळीच्या वेळेला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात आणि हसू दाबून विचारतात, "चंद्र उगवला का गं?" मी उगवला म्हणते आणि दुधाचा पेला पुढं करते. शरण जाणं म्हणजे तोंड घट्ट मिटून बसणं, असं आम्हा दोघांनाही वाटायचं. देणारा देतो तेव्हा तोंड उघडायचं असतं. हे पेला रिकामा करतात, देवघराकडे बघून हात जोडतात, आणि यांच्यामागं उभी राहून मीही जोडते.