जावेच्या भाजणीतलं लायसिन

माझा मुलगा माझ्या जावेला मोठी आई म्हणतो. चऱ्होलीत थोरल्या चुलतीला सगळीच पोरं तसं म्हणतात, त्यात नवल काही नाही. तरी ती हाक कानावर आली की माझ्या कपाळाला आठी पडायचीच. आई मी, आणि मोठी ती. वा रे वा.

चाकणला कोंबडीखाद्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत आहे. मक्यात लायसिन किती, सोयापेंडीत मिथिओनिन किती, दिवसभर हेच बघायचं. ही दोन्ही अमिनो आम्लं शरीर स्वतः बनवत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. त्यातलं एक जरी तुटपुंजं पडलं तर बाकीचं प्रथिन वाया जातं आणि पिल्लू वाढत नाही. शेडभर पिल्लांच्या वाढीची चिंता वाहणाऱ्या माझं स्वतःचं लेकरू मात्र काडीपैलवान. डब्याची पावडर दुधात कालवून देते तर ओकारी काढतो. शाळेच्या तपासणीत वजन कमी भरलं म्हणून चिठ्ठी आली होती.

आम्ही खाली राहतो, जाऊ वरच्या मजल्यावर. मागच्या सुट्टीत तो रोज वर जाऊन तिच्या हातची थालिपीठं खायला लागला, आणि शाळा सुरू झाली तोवर गालावर मांस दिसायला लागलं. वहिनीच्या हाताला गुण हाय, असं नवरा माझ्याच हातचा चहा पीत म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. मी जळून कोळसा झाले. दहावी नापास बाई, लायसिन हा शब्द तिनं आयुष्यात ऐकलेला नाही.

तिच्याकडून वाटीभर भाजणी मागून घेतली. कंपनीत तपासून बघते म्हटलं, तर बिचारी हरखून गेली. बाजरी, ज्वारी, हुलगे, उडीद, सगळं मंद आचेवर भाजून दळलेलं. जास्त भाजलं की लायसिन कमी होतं. ते जळालेलं निघावं अशी माझी इच्छा होती, कशाला खोटं बोलू?

आमच्याकडे एक झटपट मशीन आहे. नमुना काय आहे ते आधी यादीतून निवडायचं, मग ते मिनिटभरात आकडे दाखवतं. यादीत भाजणी कुठून असणार? मी 'मका' निवडलं. लायसिन अगदीच कमी आलं. मका समजूनच ते मोजणार, त्यामुळे हा आकडा चुकीचा, हे पहिल्या आठवड्यात शिकलेलं पोरगंही सांगेल. म्हणून उरलेली भाजणी रीतसर आम्लात चोवीस तास ठेवून, सावकाश पद्धतीनं तपासली. आकडा छान आला. बाजरी-ज्वारीत जे कमी पडतं ते हुलग्या-उडदानं भरून काढलं होतं, आणि त्यांचं उणं धान्यानं. पिल्लांच्या खाद्यासाठी आम्ही एवढा खटाटोप करून जे जुळवतो, ते हिनं मापाच्या वाटीनं जुळवलं होतं.

या दुसऱ्या तपासणीचा कागद मी खणात टाकला. घरी येऊन जावेला सांगितलं, "ताई, तुमच्या भाजणीत काही दम नाही. मशीननं सांगितलं."

 दुसऱ्या दिवशी कळलं, अख्खा डबा तिनं शेजारच्यांच्या म्हशीपुढं ओतला. त्यानंतर माझ्याकडून पावडरीचं नाव लिहून घेतलं आणि दोन डबे आणले. आता तिचं पोरगं आणि माझं, दोघंही दुधाचे पेले घेऊन तोंडं वाकडी करत बसायची. तिच्याकडं जाण्यात आता मुलाला काही राहिलं नव्हतं, तो माझ्याच ताटावर बसायचा. हेच तर मला हवं होतं. तो वरणात बोट फिरवायचा आणि उठून जायचा. पंधरा दिवसांत पुन्हा गालाची हाडं दिसायला लागली.

एका रविवारी सकाळी मी वर गेले. सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेले होते. ती ओट्याशी सोयाबीनच्या वड्या उकडत उभी होती. मला बघताच तिनं गॅस बारीक केला आणि माझा हात धरला.

"तुजं लेकरू माज्या भरवशावर जेवायचं, आन मी त्याला नुसता भुसा चारीत हुते," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून बरं झालं बाई. मला काय कळतंय?"

तिचे डोळे भरले होते. शब्द माझ्या जिभेवर आले होते. मका मी निवडला, मुद्दाम निवडला, एवढंच म्हणायचं होतं.

"ताई, मशीन चुकलं होतं," मी म्हणाले. "तुमची भाजणी चांगली आहे."

तिनं तेही खरं मानलं, आणि लगेच हुलगे निवडायला घेतले.