राजम्याचे तेरा दाणे

मंडळी, जेवण अर्धवट टाकून लिहायला बसलोय.

आज दुपारी इथे आखातात कंपनीच्या कपाटात ठेवलेले आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला गेले. मॅनेजरने माझ्यासमोरच चार-चारचे तीन गठ्ठे बांधले. म्हणाला, "खलास, सगळे झाले."

घरी लेक मूळ संख्यांवर अडली होती. म्हटलं, आमच्या ऑफिसात तेरा जण आहेत ना, राजम्याचे तेरा दाणे घे आणि सारखे गट कर. तिने दोन-दोनचे केले, तीन-तीनचे केले, मग चार-चारचे.

"बाबा, ऑलवेज वन लेफ्ट!" ती टाळ्या पिटायला लागली.

तेव्हा कुठे मला ते तीन गठ्ठे आठवले. म्हणजे एकाचा पासपोर्ट कपाटातच राहिलाय.

उद्या शुक्रवार, ऑफिस बंद. लेक विचारतेय, उरलेल्याला कुठे ठेवू?

काय सांगू तिला?