इंजिन चालू, गाडी उभी

मे महिन्यात एका दुपारी नवेगाव बांधकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणाशी एक कार थांबली. कारमधून एक बाई उतरली. मागून ट्रक आला. बाई जागीच मरण पावली. कार तिचा नवरा चालवत होता.

माझ्या पोलिसातल्या नोकरीत याहून गाजलेले गुन्हे झाले. पण मागे वळून पाहतो तेव्हा आधी हाच दिवस समोर येतो. नावे कोणाचीच लिहीत नाही. त्या घरातली माणसे आजही याच जिल्ह्यात राहतात.

मी तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता आणि लग्नांचाही. या दिवसांत ठाण्यात दोनच प्रकारची माणसे येतात, वरातीतल्या भांडणाची आणि जंगलात अस्वलाने जखमी केलेली. अपघाताची खबर आली तेव्हा फौजदार आणि मी दोघेही निघालो.

कार पांढरी होती, जेमतेम वर्षभर जुनी. समोर लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या, तिच्यावर ओरखडाही नव्हता. ट्रकने कार चुकवली होती आणि मागे उभ्या असलेल्या बाईला उडवले होते. तिच्या हाताजवळ पळसाची मोडलेली फांदी पडली होती. आपल्याकडे गाडी बिघडली की मागून येणाऱ्याला कळावे म्हणून रस्त्यावर झाडाच्या फांद्या ठेवतात. ती तेच करत होती. नवरा रस्त्याच्या कडेला बसून होता. तिरोड्याच्या एका कॉलेजात तो प्राध्यापक होता. फौजदाराने विचारले, ‘‘बाई खाली काऊन उतरली?’’

‘‘मीच उतर म्हणालो,’’ तो म्हणाला. ‘‘वळण होतं. गाडीत बसणं धोक्याचं वाटलं.’’

घटनास्थळाचा पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेले. ट्रकचालक पळाला होता. संध्याकाळी तो शेजारच्या ठाण्यात हजर झाला. इथवर हे कोणत्याही अपघाताच्या फाइलसारखे होते.

दुसऱ्या दिवशी मयताचा मोठा भाऊ ठाण्यात आला. त्याच्यासोबत गावातली पंधरा-वीस माणसे होती. आदल्या दिवशी त्याच्याच धाकट्या भावाचे लग्न होते. लग्नासाठीच बहीण आणि जावई आले होते. भाऊ उंच, धिप्पाड, आवाजाने मोठा. खुर्ची दिली तरी बसला नाही.

‘‘जयभीम साहेब. हा अपघात नाही. त्यानं मारलं माह्या बहिणीले.’’

‘‘कशावरून?’’

‘‘ट्रकवाला कुठला, विचारा. तिरोड्याचा. हा नोकरीले कुठं आहे? तिरोड्याले. गाडी थांबवाले बरं वळणच सापडलं! अन् तिलेच उतरवलं. सोता नाई उतरला. दोघांत वर्षभर भांडणं सुरू होती, या गाडीवरूनच. ते मले फोनवर सांगत होती. अन् इतकं होऊन डोळ्यात पाणी नाई त्याच्या. तुम्ही पाहिलं पाणी?’’

मी पाहिले नव्हते, हे खरे.

भावाने लेखी तक्रार दिली. मोर्चा काढण्याची भाषा झाली. आमच्या वरिष्ठांचाही फोन आला, संशयिताला अटक का नाही म्हणून. मी सांगितले की माणूस कुठे पळत नाही, मला थोडे काम करू द्या. एकदा खुनाच्या कलमाखाली अटक झाली की प्राध्यापकाची नोकरी जाते, घर जाते, आणि पुढे निर्दोष सुटला तरी लोक त्याला सोडत नाहीत. मला त्याआधी खात्री हवी होती.

आधी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. त्यांनी ठाण्याच्या आवारात कार सुरू केली, पुढे घेतली, मागे घेतली, रस्त्यावर फेरी मारून आणली. अहवाल दिला : वाहनात यांत्रिक दोष आढळला नाही.

त्याच संध्याकाळी बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याने आमच्या हवालदाराच्या कानावर एक गोष्ट घातली. हा पानठेलेवाला आमचा जुना खबऱ्या. त्याच्याकडे तेंदूपत्ता तोडणारे बोलत होते, की अपघाताच्या वेळी कारचे इंजिन चालू होते. गाडी बिघडलेली नव्हतीच.

ज्या बाईने हे डोळ्यांनी पाहिले होते, तिला हवालदाराने शोधून काढले. जंगलाला लागून असलेल्या पाड्यातली गोंड बाई, पन्नाशीची. अपघाताच्या वेळी ती पानांचे मुडके, म्हणजे जुड्या, बांधत रस्त्यापासून थोड्या अंतरावर बसली होती. तिचा जबाब मी स्वतः घेतला.

‘‘काय पाहिलं, मावशी?’’

‘‘गाडी उभी होती जी.’’

‘‘इंजिन चालू होतं?’’

‘‘चालू म्हंजे! बोंबलून रायली होती. म्या नवऱ्याले म्हटलं, हा माणूस कायले इतका आवाज करून रायला, जाचं असंल तं जा नं बावा.’’

‘‘मग गेली का पुढे?’’

‘‘कायची जाते. जागची हालली नाई.’’

फौजदार बाहेर येताच म्हणाला, ‘‘झालं साहेब. इंजिन चालू, गाडी चांगली. यानंच थांबवली. अटक करून टाकू.’’ त्याचे चुकत नव्हते. आमच्या जीपचे इंजिन चालू असेल आणि ती उभी असेल, तर ती ड्रायव्हरने उभी केलेली असते. आम्ही सगळे तशाच गाड्यांवर शिकलो होतो.

मी प्राध्यापकाला चौकशीसाठी बोलावले. पत्नीबद्दल विचारले, की तो गाडीबद्दल बोलायचा. वेगाच्या काट्याच्या शेजारी गिअरचा आकडा असतो, तो नाहीसा झाला. बिघाड दाखवणारे पान्याचे चिन्ह लुकलुकले. त्याने रेस दिली, इंजिन ओरडले, चाके फिरली नाहीत. पुन्हा पत्नीबद्दल विचारले. पुन्हा तेच, आकडा, चिन्ह, रेस. फौजदाराने माझ्याकडे पाहिले. त्याच्या मते हा माणूस पाठ केलेले बोलत होता.

गुन्हेगार पाठ केलेले बोलतात, हे मला माहीत आहे. पण पाठ केलेल्या गोष्टीत आपला बचाव असतो. या माणसाच्या बोलण्यात बचाव नव्हता. ‘उतर मीच म्हणालो,’ हे वाक्य तो न विचारता प्रत्येक वेळी सांगत होता. हे टिपण मी तेव्हा केले. तो सारखा गाडीबद्दलच का बोलत होता, हे मात्र मला या वर्षी कळले. माझी पत्नी गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांना मी ऑक्सिजनच्या यंत्राची नळी कशी निसटत होती तेच सांगत बसलो होतो. तिच्याविषयी माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता.

‘‘भांडणं होत होती?’’ मी विचारले.

‘‘होत होती. गाडीवरून. तिचा डावा गुडघा खराब होता, क्लच दाबता येत नव्हता. तिला गाडी शिकायची होती म्हणून मी ऑटोमॅटिक घेतली. छोटं टर्बो इंजिन, पेट्रोल. धावते छान. पण गर्दीत गेली की झटके द्यायची. नागपूरच्या वर्कशॉपमध्ये तीनदा नेली. त्यांच्याकडे चांगली चालायची. ती म्हणायची, विकून टाक ही गाडी. मी म्हणायचो, तुझ्यासाठी घेतली, तूच विकायला सांगतेस.’’

ठाण्याच्या फोनवरून मी त्या वर्कशॉपच्या फोरमनशी बोललो. तो आधी कंपनीच्या भाषेत बोलला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘साब, ये छोटे इंजन में नीचे, मतलब धीमे में, जान नहीं रहती, टर्बो घूमने के बाद ताकत आती है. और गियरबॉक्स के अंदर क्लच दो हैं, मशीन खुद दबाती है. रेंगते-रेंगते चलाओ तो प्लेट घिस-घिस के गरम. ज्यादा गरम हुई तो गाड़ी खुद क्लच छोड़ देती है.’’

‘‘मग आमच्याकडे ती व्यवस्थित कशी चालते?’’

‘‘ठंडी हो गई ना, साब. ठंडी होते ही अपने आप ठीक. इसीलिए तो हमको भी कभी मिलती नहीं बीमारी. लेकिन मैं लिख के नहीं दूँगा हाँ, पहले ही बोल देता हूँ.’’

लिहून न देणाऱ्या माणसाच्या बोलण्याला न्यायालयात किंमत नसते. पण तपासाला दिशा मिळाली. नवेगाव बांधच्या त्या रस्त्यावर गर्दी नसते. तिथे गाडी रांगण्याचे कारणच नाही. म्हणून मी प्राध्यापकाला पुन्हा बसवले आणि अपघाताचे सोडून दिले. ‘‘सकाळपासून सांगा,’’ म्हणालो. ‘‘उठल्यापासून.’’

मला वाटते, त्याला हा प्रश्न आधी कोणीच विचारला नव्हता.

त्याने सांगितले. सकाळी गाडी धुतली. मोठ्या मेव्हण्याने सांगितले, नवरदेव तुमच्याच गाडीत बसेल, गावात अशी गाडी कोणाकडे नाही. पोरांनी समोरची जाळी झेंडूच्या माळांनी भरून टाकली. भर उन्हात वरात निघाली. पुढे डीजे, मागे नाचणारे, त्यांच्यामागे ही गाडी, आत एसी सुरू. गाव संपेपर्यंत, नंतर कालव्याच्या पाटावरच्या चढाने मंडपापर्यंत, माणसाच्या पावलाने. गाडी मधे मधे थरथरत होती. मंडपात पोहोचल्यावर कळले की लग्न लावणारे बौद्धाचार्य नवेगाव बांधच्या स्टँडवर थांबले आहेत. मेव्हणा म्हणाला, पटकन घेऊन या. पत्नी त्यांना ओळखत होती म्हणून तीही बसली. माळा काढायलाही वेळ नव्हता.

‘‘मग रस्त्यात?’’

‘‘ते वळण चढावर आहे,’’ तो म्हणाला. एवढेच.

न्यायालयाची परवानगी घेतली आणि ठाण्याला लागून असलेल्या कवायतीच्या मैदानावर प्रयोग ठेवला. मैदानाच्या एका बाजूला चढ होता, तो सोयीचा पडला. पंच बोलावले, मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. ‘‘माझा रिपोर्ट गेलाय, साहेब,’’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘‘रिपोर्ट सकाळच्या थंड गाडीचा आहे.’’ मयताच्या भावालाही निरोप दिला. तक्रारदाराने डोळ्यांनी पाहावे, पुढे शंका राहत नाही.

भर दुपारी निरीक्षक स्वतः गाडी चालवायला बसले. समोरच्या जाळीवर माळांच्या जागी, हवा तशीच अडावी म्हणून, पोते बांधले. पुढे सात-आठ शिपाई चालत होते. एक जण मागे वळून म्हणाला, ‘‘साहेब, वरात काढलीच आहे तं डीजे बी सांगून टाका नं. कोरडं कोरडं नाचता येत नाई.’’

‘‘अन् नवरदेव कोण?’’ दुसरा म्हणाला. ‘‘निरीक्षक साहेब? मुंडावळ्या आणा रे!’’

निरीक्षकही हसले. बराच वेळ काही झाले नाही. शिपायांचे शर्ट घामाने चिकटले, थट्टा बंद झाली. निरीक्षकांनी काचेतून माझ्याकडे पाहून हात हलवला, म्हणजे सोडा आता. मी म्हणालो, चालू द्या. भाऊ कडुनिंबाच्या सावलीत हाताची घडी घालून उभा होता.

मग चढावर गाडी थरथरली. एकदा, पुन्हा एकदा. निरीक्षकांचे हसू गेले. त्यांनी पंचांना खिडकीशी बोलावले. आकडा नाहीसा झाला होता, पान्याचे चिन्ह लुकलुकत होते. त्यांनी रेस दिली. इंजिन मोठ्याने ओरडले आणि गाडी उतारावर मागे घसरू लागली. निरीक्षकांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि इंजिन तसेच चालू ठेवले. सगळे मैदान तो आवाज ऐकत होते. तेंदूपत्त्याच्या बाईने सांगितला होता तोच.

पंचनामा लिहीपर्यंत गाडी ढकलून, बॉनेट उघडून सावलीत ठेवली. उन्हे उतरल्यावर निरीक्षकांनी ती पुन्हा सुरू केली. काहीच झाले नसल्यासारखी ती मैदानाला फेरी मारून आली.

भाऊ माझ्याजवळ आला. त्याचा आवाज आता मोठा नव्हता.

‘‘साहेब, वरातीत मी सगळ्यांत पुढं नाचत होतो. जवाईबापू काचेतून हात दाखवत होते. मले वाटलं, घाई करून रायले. मी त्यायले म्हटलं, हळू घ्या, अजून हळू.’’

मी पंचनाम्याचे कागद मिटून ठेवले.

‘‘अन् स्टँडवर मीच धाडलं. पटकन जा म्हटलं.’’ त्याने गाडीकडे पाहिले. ‘‘याले कोणतं कलम लागते?’’

‘‘कोणतंच नाही,’’ मी म्हणालो. ‘‘घरी जा. तुमचे जावई ठाण्यात बसले आहेत. त्यांनाही घेऊन जा.’’

तो आत गेला. बाकावर प्राध्यापक बसला होता. भाऊ त्याच्या शेजारी बसला.  मग प्राध्यापक म्हणाला, ‘‘दादा, उतर मीच म्हणालो होतो.’’ भाऊ म्हणाला, ‘‘ऊठ. घरी आई वाट पाहून रायली.’’ तेव्हा प्राध्यापक रडला. ठाण्याचे कागद लिहिणाऱ्या रायटरने दार लोटून घेतले.

बाकीचे काम सोपे होते. प्राध्यापक आणि ट्रकचालक दोघांच्या मोबाइलचे कॉल तपासले, एकमेकांशी कसलाच संबंध निघाला नाही. ट्रकचालकाने वळणावर बेदरकारपणे गाडी आणल्याबद्दल त्याच्यावर दोषारोपपत्र गेले आणि शिक्षा झाली. भावाने तक्रार मागे घेतल्याचा जबाब दिला. निरीक्षकांनी पुरवणी अहवाल दिला, तो मी नागपूरच्या वर्कशॉपला आणि परिवहन खात्याला पाठवला. वर्कशॉपकडून उत्तर आले की वाहन वापरण्याची पद्धत अयोग्य होती. आपल्याकडे विकलेल्या गाडीत एक दिवस नवरदेव बसणार, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नव्हते.

नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मला कधी बोलावतात, तेव्हा हे प्रकरण सांगतो. साक्षीदार बाई खरे बोलली, संशयितही खरे बोलला, तज्ज्ञाचा अहवालही खरा होता, आणि तरी आम्ही एका निरपराध माणसाला अटक करणार होतो. तिघांचे एकमेकांशी जुळत नाही असे वाटले, की आपण लगेच त्यातला एक खोटा ठरवतो. त्याआधी एकदा तपासावे, की आपल्यालाच एखादी गोष्ट माहीत नाही का. मला गाड्यांतले काही कळत नव्हते. ते कळून घेण्याइतका वेळ मात्र मी मिळवला. तपास अधिकाऱ्याच्या हातात तेवढे असते, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते.

तो प्राध्यापक अजून तिरोड्याला आहे, बसने कॉलेजला जातो. सणाला सासुरवाडीला येतो. त्या घरात त्यानंतर लग्ने झाली. नवरदेव मंडपात पायी जातो.